वाचकांचे प्रश्न : जन्मतारीख आणि बेसबॉलची जुनी कार्डे

बेसबॉलच्या जुन्या कार्डांच्या संग्रहाविषयी मागील अंकात लिहिताना, आपल्या जन्मतारखेला जन्मलेल्या खेळाडूंची किंवा आपल्या जन्मवर्षी छापलेली कार्डे जमवणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत, असा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. काही पत्रे अमेरिकेतील मराठी वाचकांची आहेत, काही इथली.

प्रश्न : आमचा नातू २१ नोव्हेंबरचा. तो शाळेच्या संघात बेसबॉल खेळतो. यंदाच्या वाढदिवसाला त्याच तारखेला जन्मलेल्या एखाद्या नामवंत खेळाडूचे जुने कार्ड त्याला द्यावे, असे त्याच्या आजोबांच्या मनात आहे. असा कोणी खेळाडू आहे काय? — एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : एक नव्हे, दोन आहेत, आणि त्यांची गोष्ट अशी आहे की ती कादंबरीत घातली असती तर वाचकांनी लेखकाला नावे ठेवली असती. पेनसिल्व्हेनिया राज्यात मोनोंगहेला नदीच्या काठी डोनोरा नावाचे पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांचे गाव आहे. तेथे २१ नोव्हेंबर १९२० रोजी स्टॅन म्युझियल जन्मला आणि त्याच गावात २१ नोव्हेंबर १९६९ रोजी केन ग्रिफी ज्युनियर जन्मला. दोघेही डाव्या हाताने फेकणारे आणि डावखुरे फलंदाज, दोघेही मैदानाच्या बाहेरच्या पट्ट्यात क्षेत्ररक्षण करणारे आणि दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात, गेलेले. म्युझियलची त्या सन्मानासाठी निवड झाली ती १९६९ सालीच. आपल्याला अधिक आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, ग्रिफीचे आजोबा डोनोराच्या शाळेच्या संघात म्युझियलबरोबर खेळले होते.

म्युझियलची सगळी कारकीर्द सेंट लुईस कार्डिनल्स या एकाच संघात गेली. त्याच्या खात्यावर ३,६३० हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारे यशस्वी फटके) आहेत आणि त्यांतले नेमके १,८१५ घरच्या मैदानावरचे, तर १,८१५ परगावचे आहेत. कार्ड संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्वाचे वर्ष मात्र १९४८. त्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी ०.३७६ होती, होम रन ३९ होते, आणि सरासरी, होम रन व संघासाठी आणलेल्या धावा या तिन्ही यादींत अव्वल येण्याचा मान, म्हणजे ‘तिहेरी मुकुट’, केवळ एका होम रनने हुकला. हंगाम संपला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस डोनोरावर कारखान्यांचा धूर थंड हवेखाली कोंडून बसला. त्यात वीस माणसे दगावली. जस्ताच्या कारखान्यात राबलेले म्युझियलचे वडील त्या धुराने आजारी पडले आणि डिसेंबरमध्ये वारले. त्याच १९४८ साली बोमन कंपनीने च्युइंगगमच्या पुडीतून ४८ कार्डांचा एक लहानसा कृष्णधवल संच काढला, त्यात म्युझियलचे पहिले कार्ड आहे.

ते महाग पडेल. पण दुसरी वाट आहे. १९५२ पासून या धंद्यात आघाडी घेतलेल्या टॉप्स कंपनीच्या संचांत म्युझियल १९५८ पर्यंत दिसत नाही. त्या वर्षी तो ऑल-स्टार मालिकेतील कार्डावर आला आणि ते कार्ड भरपूर छापले गेले. कोपरे झिजलेली प्रत नातवाच्या भेटीसाठी परवडण्याजोगी मिळते. तिच्या जोडीला १९८९ च्या अपर डेक संचातले पहिल्या क्रमांकाचे कार्ड घ्यावे, म्हणजे एकोणीस वर्षांचा ग्रिफी. त्या छायाचित्रात त्याच्या डोक्यावर सिअ‍ॅटल मरिनर्सची टोपी दिसते, पण मूळ छायाचित्र तो सॅन बर्नार्डिनोच्या दुय्यम संघात असतानाचे होते आणि टोपीचा रंग छपाईपूर्वी बदलण्यात आला. मुलांना असली कारागिरी शोधायला आवडते.

प्रश्न : माझा जन्म २० ऑक्टोबरचा. शिकागोला अनेक वर्षे काढून परतलेल्या मामांच्या सामानात मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड सापडले. मँटलचा वाढदिवसही २० ऑक्टोबर असल्याचे समजले. असे कार्ड कोट्यवधींना विकले गेल्याचे वाचले आहे. आमचे कार्ड अस्सल आहे हे कसे ओळखावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : मँटल २० ऑक्टोबर १९३१ रोजी ओक्लाहोमातील स्पॅव्हिनॉ येथे जन्मला, हे बरोबर. कार्डाच्या बाबतीत आधी मोजपट्टी घ्यावी. १९५२ च्या टॉप्स कार्डांचा आकार पावणेचार इंच उंच आणि दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद होता, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर गुणिले पावणेसात सेंटिमीटर. आज सर्वत्र दिसणारा साडेतीन बाय अडीच इंचांचा आकार टॉप्सने १९५७ मध्ये स्वीकारला. १९८३ साली कंपनीने स्वतःच १९५२ चा संच पुन्हा छापला, पण तो या नव्या, लहान आकारात. त्यामुळे मामांच्या कार्डाची उंची नऊ सेंटिमीटरच्या आत भरली, तर ते पुनर्मुद्रण आहे आणि प्रश्न तेथेच मिटतो. पुढेही मँटलच्या कार्डांची अधिकृत पुनर्मुद्रणे निघाली. त्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर भिंगाखाली वाचावा.

उंची बरोबर भरली तरी हुरळून जाऊ नये, कारण मूळ आकारातल्या बनावट प्रतीही आहेत. अशा वेळी उपयोगी पडणारा उपाय असा : त्याच १९५२ च्या संचातले एखाद्या अपरिचित खेळाडूचे, दुमडलेले, स्वस्त पण खात्रीचे अस्सल कार्ड मिळवावे आणि दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहावीत. पुठ्ठ्याची जाडी, पाठीचा रंग, कडेवर दिसणारे तंतू, अक्षरांच्या कडा आणि छपाईतले ठिपके यांत फरक असेल तर तो पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. छायाचित्र पाठवून इंटरनेटवर विचारण्यापेक्षा ही परीक्षा अधिक भरवशाची आहे. तरीही शंका उरली, तर ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्डाचा अस्सलपणा व स्थिती तपासून श्रेणी देणाऱ्या, मान्यताप्राप्त संस्थेकडे कार्ड पाठवावे. कार्ड घासणे, पुसणे, इस्त्रीने सपाट करणे यांपैकी काहीही करू नये.

किमतीविषयी : ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची एक जवळजवळ निर्दोष प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. हे कार्ड मँटलचे पहिले नव्हे. पहिले १९५१ च्या बोमन संचात आहे. १९५२ चे हे कार्ड संचातल्या आपल्या मालिकेतले, म्हणजे टप्प्यातले, सर्वांत दुर्मीळही नाही. उलट छपाईच्या तावावर मँटल आणि त्याच्या पुढच्या दोन क्रमांकांची कार्डे दुप्पट संख्येने होती. पण संचातली ही शेवटची मालिका, क्रमांक ३११ ते ४०७, हंगाम सरत आल्यावर दुकानांत आली. तोवर पोरांचे लक्ष फुटबॉलकडे वळले होते, दुकानदारांनी माल उचलला नाही आणि खोकी गोदामात पडून राहिली. संच तयार करणाऱ्या साय बर्गर यांनी ती विकण्याची बरीच खटपट केली आणि अखेर १९६० मध्ये कचऱ्याच्या बार्जवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात टाकून दिली. एवढे सारे झाल्यावर आणि मँटलवर एका अख्ख्या पिढीचा जीव जडल्यावर ही किंमत आली आहे. तुमचा वाढदिवस त्याच दिवशी असण्याने ती एका पैशानेही वाढत नाही, हे मामांना हळूच सांगावे.

प्रश्न : आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेले लोक घरोघरी आहेत. अमेरिकन खेळाडूंच्या तारखा तरी खऱ्या कशावरून? — एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : मार्मिक प्रश्न आहे, आणि तारखेवर संग्रह उभारणाऱ्याने तो आधी विचारायला हवा. बेब रूथ, म्हणजे ज्याच्या नावाशिवाय या खेळाचा इतिहास सांगताच येत नाही असा खेळाडू, आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे आपला जन्म ७ फेब्रुवारी १८९४ चा समजत होता. १९३४ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी पारपत्र काढायची वेळ आली, बाल्टिमोरहून जन्माचा दाखला मागवला गेला आणि त्यावर निघाली ६ फेब्रुवारी १८९५. एका वर्षाने तरुण होऊनही रूथ वाढदिवस सातलाच साजरा करत राहिला. त्यामुळे सहा आणि सात या दोन्ही तारखांची माणसे रूथवर हक्क सांगू शकतात. शिवाय त्याचा ७१४ होम रनांचा विक्रम ८ एप्रिल १९७४ रोजी मोडणारा हँक आरन ५ फेब्रुवारी १९३४ चा, म्हणजे शेजारच्याच घरचा.

सॅचेल पेजची गोष्ट निराळी. रूथला आपले वय ठाऊक नव्हते. पेजने ते झाकून ठेवण्याचा धंदाच केला. जन्माची नोंद असलेले घरातले बायबल बकरीने खाल्ले, असेही तो सांगे. अलाबामातील मोबीलच्या दाखल्याप्रमाणे त्याची तारीख ७ जुलै १९०६. कृष्णवर्णीयांना मेजर लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेची दारे बंद होती, तेव्हाची उमेदीची वर्षे त्याने कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये काढली आणि क्लीव्हलँड संघाशी त्याचा करार झाला तो थेट ७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून त्याने तीन डाव चेंडू टाकले आणि एकच हिट दिली. १९५३ च्या टॉप्स कार्डावर त्याच्या पहिल्या नावात एक अक्षर जास्तीचे छापले गेले आहे, तेव्हा कार्डावरच्या नावाचाही भरवसा धरू नये. पोर्टो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे तर १९५७ ते १९६९ या काळात टॉप्सच्या कार्डांवर ‘बॉब’ होऊन बसला आहे, कारण कंपनीला तसे नाव अमेरिकन गिऱ्हाइकाच्या तोंडी बसेल असे वाटले असावे.

अलीकडेही हे थांबलेले नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिगेल तेहादाने तो नोंदीपेक्षा दोन वर्षांनी मोठा असल्याचे २००८ मध्ये कबूल केले. गरीब घरच्या मुलाचे वय कमी दाखवले की करार चांगला होतो, हे त्यामागचे साधे गणित. म्हणून माझा सल्ला असा की, तारीख कार्डाच्या पाठीवरून घेऊ नये. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर दिवसवार यादी आहे आणि १९७१ मध्ये कूपरस्टाउन येथे स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधकांच्या संस्थेचे सभासद जुने दाखले धुंडाळून चुका दुरुस्त करत असतात. १ जूनच्या मंडळींसाठी तसे कोणी केले नाही, हे खरे.

प्रश्न : माझी मुलगी ३१ जानेवारीची. नोलन रायन याच तारखेचा म्हणून इथे त्याचेच नाव सगळे सांगतात. आणखी कोणी आहे का? — एक वाचक, डॅलस, टेक्सास

उत्तर : टेक्सासात रायनचे नाव आधी यावे हे साहजिक आहे. तो ३१ जानेवारी १९४७ रोजी टेक्सासातल्याच रेफ्यूजिओ गावी जन्मला. ५,७१४ फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट केले, आणि प्रतिस्पर्ध्यांना संपूर्ण सामन्यात एकही हिट न देण्याची करामत सात वेळा केली. या दोन्ही आकड्यांच्या जवळपासही कोणी नाही. पण त्याच दिवशी १९१९ मध्ये जॉर्जियातील कैरो येथे जॅकी रॉबिन्सन जन्मला होता आणि १९३१ मध्ये डॅलसमध्येच अर्नी बँक्स. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये.

मुलीसाठी संग्रह करायचा तर मी या तिघांना एका धाग्यात ओवीन. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. रायन तेव्हा अडीच महिन्यांचा होता. रॉबिन्सन आधी ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या निग्रो लीग संघात खेळला, त्याच संघातून १९५३ मध्ये बँक्स शिकागो कब्सकडे आला आणि त्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याने ५१२ होम रन काढले, पण वर्ल्ड सिरीज या हंगामाच्या अंतिम मालिकेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. रॉबिन्सनचे शेवटचे टॉप्स कार्ड १९५६ चे. त्याची खेळत्या काळातली सगळीच कार्डे महाग. बँक्सचे १९५४ चे आणि रायनचे १९६८ चे पहिले कार्डही तसेच. १९६८ च्या त्या कार्डावर गोणपाटाच्या विणीची किनार आहे आणि रायन एकटा नसून जेरी कूसमन त्याच्या शेजारी आहे. बँक्सची साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि रायनची ऐंशीच्या दशकातली कार्डे मात्र सहज मिळतात. रॉबिन्सनसाठी थोडे पैसे साठवावे आणि डाग असलेली, पण त्याच्या काळात छापलेली प्रत घ्यावी. प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेल्या चकचकीत नव्या स्मृतिकार्डापेक्षा मला ती केव्हाही अधिक मोलाची वाटते.

प्रश्न : मी १९८७ चा. जन्मवर्षाची कार्डे गुंतवणूक म्हणून घ्यावीत का? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : गुंतवणूक म्हणून मुळीच नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्डांना भाव येतो आहे हे पाहून लोकांनी ती खोक्यांनी साठवली आणि कंपन्यांनी अमाप छापली. त्यामुळे ती आजही भरपूर शिल्लक आहेत. हौस म्हणून मात्र हे वर्ष छान आहे. १९८७ चा टॉप्स संच ७९२ कार्डांचा आहे, प्रत्येकाला लाकडी फळीसारखी किनार आहे आणि बॅरी बॉन्ड्सचे टॉप्सच्या नियमित संचातले पहिले कार्ड त्यात आहे. पूर्ण संच माफक किमतीत मिळतो. न उघडलेले मेणकागदी पाकीट मिळाल्यास वाढदिवशी उघडण्यात मौज आहे, पण आतली गमची कांडी तोंडात घालू नये. ती तुमच्याच वयाची आहे. टॉप्सने गम देणे १९९२ पासून बंद केले, आणि गमला चिकटून डागाळलेले कार्ड हे जुन्या पाकिटाचे ओळखीचे लक्षण झाले.

प्रश्न : माझा जन्म २९ फेब्रुवारीचा. माझ्यासाठी काही आहे काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन चांगले खेळाडू आहेत. १९०४ चा पेपर मार्टिन, ज्याने १९३१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्ससाठी बारा हिट आणि पाच चोरलेले बेस (फटका नसतानाच धावून गाठलेले पुढचे बेस) अशी धमाल केली. आणि १९२४ चा क्लीव्हलँडचा अल रोझेन. रोझेन १९५३ मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण तिहेरी मुकुट मात्र सरासरीत ०.३३७ विरुद्ध ०.३३६ अशा एका सहस्रांशाने निसटला. १९५२ च्या टॉप्स संचात तो सुरुवातीच्या क्रमांकांत आहे, त्यामुळे मँटलच्या मालिकेचा भाव त्याला नाही.

प्रश्न : होनस वॅग्नरच्या कार्डाला एवढी किंमत का? माझा वाढदिवस २४ फेब्रुवारी, त्याचाच. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून जो संच वाटला, त्याला संग्राहक टी-२०६ म्हणतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा वॅग्नर, जन्म १८७४, याने आपले चित्र वापरू दिले नाही, म्हणून त्याचे कार्ड लवकर थांबवले गेले आणि आज साठच्या आसपास प्रतीच ज्ञात आहेत. पोरांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्याने हे केले असे सांगतात. मोबदला मिळाला नाही हे कारणही पुढे केले जाते, आणि वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, हेही लक्षात ठेवावे. २०२२ मध्ये एक प्रत साडेबाहत्तर लाख डॉलरला गेली. सर्वांत प्रसिद्ध प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली होती. तिच्या कडा कापून ती सरळ केल्याचे बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात मान्य केले. या कार्डांच्या पाठीवर सिगारेटची जाहिरात तेवढी असते. जन्मतारीख वगैरे काही नाही. तुमच्या तारखेचा आणखी एक मोठा खेळाडू म्हणजे १९५६ चा एडी मरे, ३,२५५ हिट आणि ५०४ होम रनांचा धनी. त्याचे पहिले कार्ड १९७८ च्या टॉप्समध्ये आहे आणि ते कोल्हापुरातून मागवले तरी घर विकावे लागणार नाही.

प्रश्न : खुद्द बेसबॉलचा वाढदिवस कधी? — एक वाचक, जर्सी सिटी, न्यू जर्सी

उत्तर : अधिकृतपणे सांगितला गेलेला वाढदिवस साफ खोटा आहे. १९०५ मध्ये नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस असा निर्वाळा दिला की, अ‍ॅब्नर डबलडे याने १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथे हा खेळ शोधून काढला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता आणि आपण असा काही शोध लावल्याचा दावा त्याने कधी केला नाही. तरीही शताब्दी साधून हॉल ऑफ फेमची इमारत १२ जून १९३९ रोजी कूपरस्टाउनलाच उघडली. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्येच नव्या सभागृहाच्या खिडक्या वाचवण्यासाठी त्याच्या आसपास ‘बेसबॉल’ खेळायला बंदी घातली होती.

तारीख हवीच असेल तर तुमच्या घरापासून जवळची घ्या. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने २३ सप्टेंबर १८४५ रोजी लेखी नियम केले आणि १९ जून १८४६ रोजी होबोकेनच्या एलिझियन फील्ड्सवर त्या नियमांनुसार सामना झाला; न्यूयॉर्क नाइन या संघाने निकरबॉकरांना चार डावांत २३–१ असे लोळवले. ते मैदान आज नाही, पण होबोकेनमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकरावी स्ट्रीट मिळतात तेथे स्मारक आहे. १९ जूनला जन्मलेल्या कोणाला कार्ड हवे असेल तर १९०३ चा लू गेरिग आहे. त्या सामन्याचे कार्ड अर्थातच नाही. सर्वांत जुन्या कार्डांत १८६९ च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघडपणे व्यावसायिक संघाचे छायाचित्र मोडते, जे पेक अँड स्नायडर या न्यूयॉर्कच्या क्रीडासाहित्याच्या दुकानाने स्वतःच्या जाहिरातीसाठी छापले होते.